मोर्चा काढू की गप्प बसू?

'ताई, माझा मोठा भाऊ आमच्या भागात वनहक्काचे दावे भरून देणं, ग्रामसभांचे ठराव लिहून देणं हे काम करतो. खाणीच्या सर्व्हेविरुद्ध गावाने रस्ता अडवला, त्यानंतर त्याला आणि गावातल्या दोन मुलांना उचललं. आधी सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा होता, आता यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावलाय. पीसीआर (पोलीस कोठडी) संपली, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली, तिघंही मध्यवर्ती कारागृहात आहेत. वकील म्हणतात, बाहेर एक शब्द बोलू नका, केस बिघडेल. दादाचे मित्र म्हणतात, आत्ताच नागपूरला संविधान चौकात बसलो नाही तर महिन्याभरात सगळे विसरतील. अमेरिकेतला आतेभाऊ ऑनलाइन सह्या आणि पैसे गोळा करतो म्हणतोय. आई म्हणते, पेपरात नाव छापून आलं तर तुझं लग्न कसं जमायचं. दादाला दमा आहे, रात्री पंपाशिवाय झोप लागत नाही. मी काय करू? – एक बहीण, विदर्भ'

(तुझ्या सांगण्यावरून गाव-तालुका गाळला आहे.)

बाळा, चार माणसांनी तुला चार सल्ले दिलेत. पाचवा देण्याआधी मी विचारते, दादाला कुणी विचारलं का? अख्ख्या पत्रात त्याला स्वतःला काय हवंय याबद्दल एक ओळ नाही. मोहीम त्याच्या नावावर चालणार, फलकावर फोटो त्याचा लागणार, आणि पेपरात बातमी आली की बराकीत त्याचे जे काही परिणाम होतील तेही त्यालाच सोसायचेत. तेव्हा आधी त्याचा होकार.

आणि हे घरच्या मुलाखतीत विचारू नकोस. शेजारी शिपाई, मागे रांग, अशा वेळी माणूस 'मी बरा आहे, आईला सांभाळ' यापलीकडे काही बोलत नाही. वकिलांच्या भेटीत शिपायाला दिसेल एवढ्या अंतरावर थांबता येतं, ऐकू येईल एवढ्या अंतरावर नाही. म्हणून वकिलांबरोबर तीन प्रश्न पाठव. नाव आणि फोटो वापरायचा का? मागणी काय ठेवायची? आणि मदत कुणाची घ्यायची नाही? तिसरा प्रश्न तुला फालतू वाटेल, पण कार्यकर्त्यांची सगळ्यांत ठाम मतं त्याबद्दलच असतात. बाहेर तुम्ही ज्या पुढाऱ्याला स्टेजवर बसवाल, त्याच्याविरुद्धच दादाने मागच्या वर्षी उपोषण केलेलं असायचं! पत्रातून मात्र यातलं काही लिहू नकोस. कारागृहात पत्रं वाचूनच पुढे जातात. पत्रात घरचं लिही, पावसाचं लिही, धानाचं लिही.

आता वकील आणि मित्र. दोघंही बरोबर आहेत, पण आपापल्या हद्दीत. त्या रस्त्यावर काय झालं, दगड कुणी मारला, मोबाइलमध्ये काय सापडलं, पंच कोण, साक्षीदार कोण, हे सगळं वकिलांचं. त्यावर तुम्ही कुणी जाहीर बोलायचं नाही, फेसबुकवर नाही आणि व्हॉट्सअॅपच्या 'आपल्याच' ग्रुपवर तर मुळीच नाही. असा ग्रुप आपला राहत नाही. चार्जशीट आली की तिचे फोटो काढून फिरवण्याचा मोह मित्रांना होईल. त्यात साक्षीदारांची नावं असतात. ती बाहेर पडली की 'साक्षीदारांवर दबाव आणतात' हे वाक्य सरकारी वकिलांना जामिनाच्या विरोधात आयतं मिळतं. न्यायाधीशांवर तर एक शब्दही नको.

पण दादा कोण आहे, त्याने किती गावांचे दावे भरले, त्याला दमा आहे, तो किती दिवस आत आहे, तारखेला त्याला कोर्टात आणलं की नाही, हे सांगितल्याने कुठलीच केस बिघडत नाही. वकिलांनी यावरही बोलू नका म्हटलं, तर त्यांना कारण विचार. नीट कारण नसेल तर ती भीती त्यांची स्वतःची आहे. ती समजून घे, पण पाळायलाच हवी असं नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निवेदनाचा मसुदा मात्र आधी त्यांना दाखव.

मित्रांना एक विचार: संविधान चौकात बसून कुणाला ऐकवायचंय? कोर्ट घोषणा ऐकत नाही, ऐकूही नये. उद्या दुसऱ्या बाजूचा मोर्चा मोठा निघाला तर? पण यूएपीएमध्ये निर्णय घेणारं कोर्ट एकटं नसतं. या कायद्याखाली खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. आधी एका स्वतंत्र अधिकाऱ्याने कागद तपासून शिफारस करायची, तिला कामाचे ७ दिवस, आणि त्यानंतर सरकारला ७ दिवस. ही मंजुरी म्हणजे नुसता शिक्का नव्हे. माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून चाललेल्या प्रा. जी. एन. साईबाबांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी सगळ्या आरोपींना सोडलं ते मंजुरीतल्याच दोषांवरून. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली हे खरं. पण ५ मार्च २०२४ रोजी त्याच खंडपीठाने पुन्हा सगळ्यांना निर्दोष सोडलं. सांगायचं एवढंच की तुमच्या निवेदनांचा पत्ता मंत्रालय, गृह विभाग हा आहे. नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा एखाद्या आमदाराला लक्षवेधी मांडायला लावलीत, तर चौकातल्या दहा दिवसांपेक्षा ती जास्त कामाची. अडथळ्याच्या मूळ गुन्ह्याबद्दल वेगळं निवेदन करा. ज्या आंदोलनांत जीवितहानी झाली नाही अशांचे गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय आपल्या राज्यात वेळोवेळी निघालेत, वेगवेगळ्या पक्षांची सरकारं असताना निघालेत. चौकात बसायचंच असेल तर परवानगी काढून, एक दिवस, नीट फलक लावून बसा. पुन्हा रस्ता अडवू नका. आणखी दहा जण आत गेले तर त्यांच्यासाठी मोहीम कोण चालवणार?

आता जरा कडक बोलते. पत्रात तू दादाबद्दल एवढं लिहिलंस आणि 'गावातल्या दोन मुलांना' हे तीन शब्दांत उरकलंस. त्यांची नावं काय, वयं काय, घरी कोण आहे, त्यांना वकील कोण? साईबाबांचं नाव देशभर झालं. व्हीलचेअरवरचा, नव्वद टक्के अपंगत्व असलेला दिल्लीतला प्राध्यापक नागपूरच्या अंडा सेलमध्ये, म्हणून लोकांनी लिहिलं, बोललं, त्यांच्या पत्नीने वर्षानुवर्षं दारं ठोठावली. सगळं योग्यच होतं. पण त्याच खटल्यात गडचिरोलीचा पांडू नरोटे नावाचा आदिवासी तरुणही जन्मठेप भोगत होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तो कैदेतच तापाने आजारी पडून नागपूरच्या दवाखान्यात वारला. सुटकेचा निकाल दोनदा लागला, त्यातला एकही ऐकायला तो नव्हता. त्याच्या नावाचा फलक तू कधी पाहिलास? मी तरी पाहिला नाही.

म्हणून पहिल्या पत्रकापासून तिघांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत छापा. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. मुलांच्या घरच्यांना घेऊन त्या ऑफिसात जा, अर्ज भरून दे, पोच घे. त्यांच्या घरच्यांना मुलाखतीसाठी नागपूरला जाण्या-येण्याचे पैसे मोहिमेच्या खर्चात धर. हिशेबी कारणही आहे. ज्याच्याकडे कुणी फिरकत नाही, त्यालाच माफीचा साक्षीदार हो म्हणून गळ घातली जाते. दुसरं कारण तुला मी सांगायला नको, दादाच सांगेल.

तारखांची एक वही कर. अगदी शाळकरी, दोनशे पानी. पहिल्या रिमांडच्या दिवसापासून मोजायला लाग. यूएपीएमध्ये आरोपपत्राला ९० दिवस, आणि सरकारी वकिलांच्या अहवालावरून कोर्ट ती मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. वाढ मागितली त्या दिवशी तिघांना कोर्टात हजर केलं होतं का, त्यांना काही विचारलं का, ते लिहून ठेव. मुदत संपली आणि आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण तो मागावा लागतो, आणि आरोपपत्र दाखल होण्याआधी मागावा लागतो. अर्ज आधीच टाइप करून ठेवलेला हवा. एल्गार परिषद खटल्यातल्या वकील सुधा भारद्वाजांना १ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तो याच प्रकारचा: ज्या पुणे कोर्टाने मुदत वाढवली त्याला तो अधिकारच नव्हता, असं ठरलं. त्याच खटल्यातल्या आठ जणांना मात्र तोच मुद्दा लागू झाला नाही. अटकेची कारणं लेखी दिली होती का, हेही विचार. मे २०२४ मध्ये 'न्यूजक्लिक'चे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची यूएपीएखालची अटक सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, ती कारणं लेखी दिली नव्हती एवढ्यावरून. असले मुद्दे घोषणेत बसत नाहीत, पण माणसं बाहेर काढतात.

मुदतीतला जामीन हुकला तर पुढचा रस्ता लांबचा आहे, हे आत्ताच ऐकून ठेव. कलम ४३ड(५) असं आहे की आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले की कोर्टाचे हात बांधले जातात. मग उरतो तो दिरंगाईचा मुद्दा. फेब्रुवारी २०२१ मध्ये के. ए. नजीब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खटला लवकर संपण्याची चिन्हं नसतील तर हे कलम असूनही घटनात्मक न्यायालयं जामीन देऊ शकतात. नजीबला त्याआधी पाच वर्षांहून जास्त आत काढावी लागली होती. आपल्याकडचे 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे २०११ च्या जानेवारीत आत गेले आणि मे २०१४ मध्ये निर्दोष सुटले. २०१८ मध्ये पुन्हा अटक झाली, ती जानेवारी २०२५ मध्ये जामीन मिळेपर्यंत. घाबरवण्यासाठी सांगत नाही. मित्रांचा सगळा जोर पहिल्या महिन्यात संपू नये म्हणून सांगते.

म्हणूनच मागणी काय ठेवायची हे महत्त्वाचं. 'निर्दोष दादाला ताबडतोब सोडा' असं लिहू नका. खरं सांगू? तो निर्दोष आहे की नाही हे मला माहीत नाही, माझ्यासारख्या सही करणाऱ्या कुणालाच माहीत नसणार. पण त्याला जामीन मिळावा, खटला वेळेत चालावा, आणि तोवर त्याचा श्वास चालू राहावा, एवढं म्हणायला मला काही माहीत असण्याची गरज नाही. अशा मागणीवर दुसऱ्या बाजूचा माणूसही सही करू शकतो. आणि मोहिमेला तीच सही हवी असते. सप्टेंबर १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा विलायतेतून राणीकडे जो अर्ज गेला त्यावर दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त होतेच, पण संस्कृतचे जर्मन पंडित मॅक्स म्युलर आणि ब्रिटिश प्रशासक विल्यम हंटरही होते. म्युलर काही 'केसरी'च्या राजकारणाचे चाहते नव्हते. टिळकांसारखा वेदांवर काम करणारा एक विद्वान तुरुंगात खितपत पडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये, काही अटींवर का होईना, मुदतीआधी बाहेर आले.

तुमचे म्युलर कोण, याची यादी कर. दादाशी दाव्यांवरून वाद घालणारा निवृत्त वनाधिकारी. त्याला शिकवलेले मुख्याध्यापक. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, बदली होऊन गेले असतील तर आता जिथे असतील तिथे. खाणीच्या बाजूने बोललेला एखादा सरपंचसुद्धा, धीर करून विचार. 'याच्या मताशी मी सहमत नाही, तरी याला जामीन मिळावा' असं एका ओळीचं पत्र त्याच्या लेटरहेडवर आलं, तर पाचशे कॉम्रेडांच्या सह्या बाजूला ठेव आणि ते वर लाव. कॉम्रेड रागावतील. रागावू देत.

अमेरिकेतल्या आतेभावाचं दोन वाक्यांत सांगते. सह्या गोळा करायच्या असतील तर कर म्हणावं, पण मजकूर तुमचा, आणि दादाचा होकार आल्यावरच. पैशांबाबत त्याचा पासपोर्ट कुठला हे आधी विचार. परदेशी नागरिकांकडून गोळा केलेल्या पैशाला परकीय देणग्यांचा कायदा लागतो, आणि यूएपीएच्या केसमध्ये 'बाहेरून पैसा आला' ही बातमी तुला परवडणारी नाही. गावातून दहा-दहा रुपये आले तरी चालतील, पण वेगळ्या खात्यात, पावतीसह, आणि दर महिन्याला हिशेब ग्रामसभेसमोर. वकिलांची फी, प्रवास, झेरॉक्स, आणि कारागृहाच्या कॅन्टीनसाठी मनीऑर्डर, तिघांनाही सारखी.

आता दमा. तुझ्या पत्रात तो शेवटी आलाय, मी तो पहिला धरते. मोठी मागणी वर्षानुवर्षं लटकते, छोटी आणि ठोस मागणी आठवड्यात मान्य होऊ शकते, आणि तिचा अर्थ चौथीतल्या मुलालाही कळतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्याच एल्गार परिषद खटल्यात अटकेत असलेल्या ८३ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींना पार्किन्सन्समुळे पेला धरता येत नव्हता, म्हणून तळोजा कारागृहात स्ट्रॉ आणि सिपर मिळावा असा अर्ज झाला. तपास यंत्रणेला उत्तर द्यायला २० दिवस मिळाले. देशभरातल्या लोकांनी सिपर विकत घेऊन पोस्टाने पाठवायला सुरुवात केली. राजकारणाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्यांनाही त्या एका वस्तूने सगळा खटला कळला. त्याच सुमारास त्याच कारागृहात याच खटल्यातल्या गौतम नवलखांचा चष्मा चोरीला गेला. घरच्यांनी नवा पाठवला तो कारागृहाने परत केला, आणि उच्च न्यायालयाने माणुसकीची आठवण करून दिली. सिपर मिळाला, पण जामीन मिळाला नाही. जुलै २०२१ मध्ये जामिनाची सुनावणी चालू असतानाच फादर गेले. म्हणून छोटी मागणी जिंकली की तिथेच हार घालून थांबू नका. पण सुरुवात तिथूनच करा.

दादाचा पंप रात्री त्याच्या हाताशी असावा, दवाखान्याच्या कपाटात नको, असा अर्ज वकिलांमार्फत कोर्टात आजच करायला लाव. कारागृह अधीक्षकांना प्रत, राज्य मानवी हक्क आयोगाला प्रत. उत्तर आलं नाही तर पत्रकारांना सांगायला तुझ्याकडे एक साधी, खरी, कुणालाही न दुखावणारी गोष्ट असेल.

मित्र म्हणतात, महिन्याभरात सगळे विसरतील. विसरतीलच. तेव्हा विसरल्यानंतर कोण उरणार, हे आत्ताच ठरवा. सांगलीचे मोहन रानडे गोवामुक्तीच्या लढ्यात १९५५ मध्ये पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालला नेले गेले. (ते शस्त्र हाती घेतलेले क्रांतिकारक, तुझा दादा ठराव लिहिणारा. ती तुलना मी करत नाही.) डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, मिरवणुका निघाल्या, आणि रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातच राहिले. लढा संपलेला, भारत-पोर्तुगाल संबंध तुटलेले, बातमीचं मूल्य शून्य. तरी सुधीर फडके, हो, आपले बाबूजी, त्यांच्या सुटकेसाठी झटत राहिले. शेवटी १९६८ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी थेट पोपना भेटून शब्द टाकला, आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. एक मराठी गायक, एक तमिळ मुख्यमंत्री आणि रोममधले पोप. असं समीकरण कुणी कागदावर आधी मांडलं असतं तर हसले असते लोक. पण कुणीतरी सात वर्षं विषय जिवंत ठेवला होता, म्हणून अण्णादुराईंपर्यंत तो पोचला.

तुम्हाला हजार माणसं नकोत. पाच पुरेत. एक तारखांची वही सांभाळणारा, एक हिशेब ठेवणारा, एक पत्रकारांशी बोलणारा, एक तिन्ही घरांकडे जाणारा, आणि एक दर महिन्याला, काही घडलेलं नसलं तरी, अधीक्षकांना आणि गृह विभागाला रजिस्टर पोस्टाने पत्र टाकणारा. पोचपावत्या जपा. दोन वर्षांनी उच्च न्यायालयात दिरंगाई दाखवायची वेळ आली तर त्या पावत्या वकिलांच्या हाती असतील.

राहिली आई. तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस. लग्नाचं बोलत असली तरी तिला भीती दुसरं पोरही हातचं जाण्याची आहे. पत्रकारांशी बोलणारी व्यक्ती तूच असायला हवी असा नियम नाही. ते काम दादाच्या मुख्याध्यापकांना दे, तुझं नाव कुठे छापू नका असं त्यांना बजाव. तू वही घे. आणि आईला घरी बसवून ठेवू नकोस, तिच्याकडेच एक काम आहे जे दुसऱ्या कुणाला जमणार नाही. दादाचा दमा लहानपणापासूनचा असेल तर सरकारी दवाखान्यातले जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या तिने कुठल्या तरी पिशवीत ठेवलेल्या असतील. आया ठेवतात. ती पिशवी आज रात्री दोघी मिळून काढा, तारखेप्रमाणे लावा, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढा आणि सोमवारी वकिलांना द्या. पंपाच्या अर्जाला त्या जोडाव्या लागतील.